आधी एक बोर्ड खेळून बघू

जळगावातल्या आमच्या गल्लीत उन्हाळ्याची संध्याकाळ उतरली, की कॅरमचा बोर्ड बाहेर येतो. पावडर पसरते, सोंगट्या मांडल्या जातात, आणि पहिला ब्रेक होण्याआधी पाच मिनिटं नुसती बोलाचाली चालते. राणी तीनची की पाचची? थंब चालेल का? ड्यू बसला तर सोंगटी कोण मांडणार? फेडरेशनच्या नियमात राणीचे ३ गुण आणि २५ गुणांचा गेम. आमच्या गल्लीत राणी ५ ची. का, असं विचारलं तर 'पहिल्यापासून आहे' एवढंच उत्तर मिळतं. मागच्या मे महिन्यात भुसावळहून आलेल्या एका पाहुण्या मुलाने राणी ३ ची करू म्हटलं आणि आवाज चढले. एकजण म्हणाला, राणीला किंमतच उरणार नाही, मग तिच्या मागे लागायचं कशाला? दुसरा म्हणाला, उलट बरं, नुसत्या राणीवर गेम फिरणार नाही. शेवटी ज्यांचा बोर्ड होता ते काका म्हणाले, "एक बोर्ड खेळून बघू भो, मग बोला."

एकाचे चार बोर्ड झाले. त्यानंतरचा वाद मी लक्ष देऊन ऐकला, कारण तो आधीच्यासारखा राहिला नव्हता. आता वाक्यावाक्यात सोंगटी होती. "दुसऱ्या बोर्डाला मी राणी सोडून दोन काळ्या घेतल्या, पाचची असती तर सोडलीच नसती." "कव्हर गेलं तरी वाईट वाटलं नाही, तीनच तर गेले." माणसं तीच, गरमागरमीही तीच, पण प्रत्येकाच्या हातात आता सांगण्यासारखं काहीतरी होतं.

गेली सहा वर्षं मी आणखी एका टेबलावर बसते. वडिलांच्या पाइपच्या दुकानावरची खोली, मधे जुनं जेवणाचं टेबल, भोवती सात जण आणि खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राने काही धाडस केलं, की ते जमलं की फसलं हे २० बाजूंचा फासा ठरवतो. आमच्याकडे डीएम मी. एरवी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. एक मुलगा पाचोऱ्याहून येतो, एक अमळनेरहून. दोघांनाही परतीची गाडी धरायची असते, म्हणून आमचा डाव तीन तासांच्या वर जात नाही. नियम इंग्रजीत वाचतो, खेळतो मराठीत, आणि फासा उलटा पडला की तोंडातून "हाई काय शे!" निघतं.

या खेळाचे नियम काही वर्षांनी बदलतात, आणि बदलायच्या आधी खेळणाऱ्यांना विचारलं जातं. पूर्वी असं नव्हतं. २००८ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा पुष्कळ जुन्या खेळाडूंना ती आपली वाटलीच नाही. दुसऱ्याच वर्षी पायझो या कंपनीने आधीच्या नियमांवर उभा केलेला 'पाथफाइंडर' बाजारात आणला आणि नाराज मंडळी तिकडे गेली. मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने मग पुढच्या आवृत्तीचे मसुदे २०१२ पासून लोकांपुढे ठेवले. १,७५,००० हून जास्त लोक त्या चाचणीत होते, आणि २०१४ साली पाचवी आवृत्ती आली. विचारलं जाण्याचा हा मान खेळाडूंनी पाय काढून घेऊन मिळवलेला आहे, आणि म्हणूनच तो आपण कसा वापरतो याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

१८ ऑगस्ट २०२२ ला नव्या आवृत्तीच्या चाचणीचा पहिला मसुदा आला. त्यात क्रिटिकलचा, म्हणजे आमच्या भाषेत क्रिटचा, नियम बदलला होता. जुना नियम असा: हल्ल्याच्या फाशावर २० पडले की नुकसानाचे सगळे फासे दुप्पट, मग हल्ला खेळाडूचा असो की राक्षसाचा. मसुद्यात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. क्रिट फक्त खेळाडूंच्या पात्रांचा, राक्षसांना नाही. आणि दुप्पट होणार ते फक्त हत्याराचे फासे, बाकीचे जोडीचे फासे नाहीत.

त्याच रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागला होता. खेळाचे दात काढले, राक्षस आता गोगलगायी झाले, कंपनीला लहान मुलांचा खेळ करायचाय. यातलं गोगलगायींचं वाक्य माझं होतं. मसुदा मी वाचला होता, खेळले नव्हते. बाकीच्यांपैकी तिघांनी वाचलाही नव्हता, त्यांनी कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता. मसुदा काढणाऱ्यांनी मत मागवण्याचा अर्ज लगेच ठेवला नव्हता, तो १ सप्टेंबरला उघडणार होता. मधले दोन आठवडे खेळून बघण्यासाठी होते, आणि जगभर ते दोन आठवडे बहुतेक बोलण्यात गेले.

आम्ही दोन रविवार तो नियम खेळलो. पहिल्या रविवारी नवी पात्रं, पहिली पातळी, समोर पाच गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस. आमच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरला याचा आकडा, ८. गॉब्लिनचा साधा वार म्हणजे सहा बाजूंच्या एका फाशावर जे येईल ते अधिक २. त्यात जादूगार कोसळायचा तर फाशावर ६ च पडावे लागतात, म्हणजे ६ वेळांत एकदा. तोच वार क्रिट झाला तर फासे दोन होतात आणि जादूगार ३६ पैकी २६ वेळा आडवा. पाच गॉब्लिन तीन फेऱ्या लढले की १५ वार होतात, आणि त्या १५ मध्ये एकदा तरी २० पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. मी गणिताची शिक्षिका. हे मला कागदावर आधीच दिसायला हवं होतं. दिसलं ते टेबलावर. नवीनच आलेली एक मुलगी जादूगार खेळत होती. गॉब्लिनचा २० पडला, जुन्या सवयीने सगळे "गेली!" म्हणून ओरडले, आणि ती गेली नाही. साधा वार बसला, ४ हिट पॉइंट उरले, ती बाकाखाली शिरली आणि तिथून तिने झोपेचा मंत्र टाकला. त्या दिवसाची गोष्ट तिच्यामुळे झाली. जुन्या नियमात ती पहिल्या अर्ध्या तासात टेबलाच्या कडेला मोबाइल बघत बसली असती, आणि पुढच्या रविवारी आली असती की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या रविवारी जुनी पात्रं, पाचवी पातळी. आमच्यात फार्मसी करणारी एक मुलगी चोराचं पात्र खेळते. चोराची सगळी मदार दबा धरून केलेल्या वारावर. तलवारीच्या एका फाशाबरोबर त्याला सहा बाजूंचे तीन फासे जादा मिळतात. तिचा २० पडला. ती खुर्चीतून उठली, सवयीने सहाही फासे मुठीत घेतले, आणि मी म्हटलं, नव्या नियमात दुप्पट होतो तो फक्त तलवारीचा फासा. तिने तीन फासे परत टेबलावर ठेवले, एकेक करून. काही बोलली नाही. हिशेब असा: तिचा साधा वार सरासरी १९ चा, जुना क्रिट ३४ चा, मसुद्यातला साडेतेवीसचा. महिनाभर वाट पाहून आलेल्या २० चं मोल साडेचार. टेबलावर जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते.

म्हणजे एकाच बदलात एक अर्धा चांगला होता आणि एक अर्धा वाईट. राक्षसांचा क्रिट पहिल्या पातळीवर नसणं हे नव्या खेळाडूला जगवणारं होतं. चोराचा वार छाटणं त्या पात्राचा आनंद काढून घेणारं होतं. सप्टेंबरअखेर दुसरा मसुदा आला आणि त्यात जुना नियम जसाच्या तसा परत आला होता. लोकांनी जल्लोष केला. चोराचे फासे परत आले म्हणून मलाही आनंद झाला. पण गॉब्लिनचा क्रिटही त्याच गाठोड्यातून परत आला, आणि तो वेगळा ठेवावा असं म्हणणारा आवाज त्या गलक्यात फारसा कुठे नव्हताच. 'क्रिट काढला' या दोन शब्दांत दोन्ही अर्धे बांधले गेले होते. निकाल सांगणारा माणूस गोष्टी एकत्र बांधतो. घडलेलं सांगणारा माणूस, त्याला तसं करायचं नसलं तरी, त्या सोडवून ठेवतो. नियमांवर मत देताना खेळून, प्रसंगासकट बोला, या आग्रहामागे माझं कारण हेच आहे.

रावेर-यावलकडचा केळीचा शेतकरी कृषी सेवा केंद्रावर जातो तेव्हा नुसतं 'बाग बिघडली' म्हणत नाही. पिशवीतून पान काढतो. खालचं की वरचं, डाग कडेला की मधे, कधीपासून, पाणी कसं दिलं, सगळं सांगतो. औषध काय ते समोरच्याशी बोलून ठरतं, पण पान आणल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. 'मॅजिक: द गॅदरिंग' या, विझार्ड्सच्याच पत्त्यांच्या खेळाचा मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर याने २०१६ सालच्या एका व्याख्यानात आपल्या वीस वर्षांचे धडे सांगितले. त्यातला एक असा होता, की खेळणारे अडचण ओळखण्यात तरबेज असतात, तोडगा काढण्यात नसतात. हे ऐकून काहींना अपमान वाटतो. मला तो आपल्या कामाचा मान वाटतो. कुठे दुखतं हे आपल्याइतकं कोणालाच कळत नाही.

याचं एक उदाहरण आमच्याच टेबलावर आहे. अमळनेरचा मुलगा ड्रुइड खेळतो. ड्रुइडला प्राण्याचं रूप घेता येतं, आणि त्याची पाळी आली की तो मोबाइलवर प्राण्यांची यादी चाळत बसायचा. लांडगा की अस्वल की कोळी? सहा जण थांबलेले, घड्याळ पुढे चाललेलं. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या मसुद्यात ही यादीच काढून टाकली होती. जमिनीवरचा प्राणी, पाण्यातला प्राणी, आकाशातला प्राणी असे तीन तयार साचे, त्यातला एक घ्यायचा. लोकांना ते रुचलं नाही, आणि बरोबरच होतं. लांडगा आणि अस्वल एकाच साच्यातून निघाले तर रूप बदलण्यात उरलं काय? पण चाळत बसण्याचा त्रासही खरा होता, तो फक्त ओरडणाऱ्यांनी सांगितला नाही. २०२४ च्या पुस्तकात जो नियम आला तो तिसराच आहे. ड्रुइडने ठराविक थोडे प्राणी आधीच निवडून ठेवायचे, सुरुवातीला चार. प्राणी खरे राहिले आणि चाळणंही थांबलं. आमच्या मुलाने चार कागद कापून त्यावर चार प्राणी लिहून ठेवलेत. दोन्ही बाजूंचं दुखणं टेबलावर आलं की असा नियम निघू शकतो. एकाच बाजूचं आलं तर मागे फिरणं एवढाच मार्ग उरतो.

विचारणाऱ्यांचाही दोष आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अर्जात प्रत्येक नियमापुढे समाधानी, असमाधानी अशा पायऱ्या असतात. पसंती साधारण ७० टक्क्यांच्या वर गेली तर नियम पुढे न्यायचा, खाली राहिली तर दुरुस्त करायचा किंवा सोडायचा, अशी रीत त्यांनी उघड सांगितलेली आहे. या रीतीत ओळखीचा नियम नेहमी जिंकतो. परक्या नियमाला पहिल्या दिवशी ७० टक्के कुठून मिळणार? आमच्या गल्लीत राणी ३ ची करायची की नाही यावर खेळण्याआधी हात वर करायला सांगितले असते, तर तिथेच विषय संपला असता. किती डाव खेळलात, किती जण होतात, कोणती पातळी, हे आधी विचारून त्या मापाने मताला वजन द्यायला काय हरकत आहे? दोनदा खेळलेल्या माणसाचं 'नाही' आणि न खेळलेल्या माणसाचं 'नाही' एकाच ढिगात टाकलं, की ढिगाची उंची तेवढी कळते. आणि अर्ज इंग्रजीत. ज्या टेबलावर खेळ मराठीत चालतो तिथल्या सातांपैकी दोघं तो आपल्या हाताने भरू शकतात.

आता कोणी म्हणेल, ताई, आम्ही पैसे देऊन पुस्तकं घेतो, वर चाचणीची नोकरीही आम्हीच करायची का? नाही. कोणावर सक्ती नाही. न खेळता गप्प राहण्याचा हक्क आहे, न खेळता पुस्तक न घेण्याचा तर पुरेपूर आहे. खेळायला वेळच मिळाला नाही तर प्रश्न विचारावा: 'यात चोराच्या वाराचं काय होणार?' प्रश्नाला खेळलेलं असावं लागत नाही. निकालाला लागतं.

मात्र एक प्रकारचा बदल असा असतो, की त्यावर खेळून बघू म्हणणं हा भाबडेपणा ठरतो. नियम बदलणं वेगळं आणि हक्क बदलणं वेगळं. सातबाऱ्यावरचं नाव बदलायला कोणी निघालं तर 'एक हंगाम बघू, मग बोलू' असं खान्देशातला कुठलाही शेतकरी म्हणणार नाही. फेरफाराची नोटीस लागली की मुदतीच्या आत हरकत घ्यावी लागते, आणि शेजारीपाजारी सोबत नेऊन घ्यावी लागते.

जानेवारी २०२३ मध्ये असंच झालं. २००० सालापासून या खेळाचा एक खुला परवाना होता. त्याच्या जोरावर कोणीही या नियमांवर स्वतःची साहसं, पुस्तकं, अगदी स्वतःचा नवा खेळही काढू शकत असे. पाथफाइंडर त्यावरच उभा राहिला. कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला तेव्हा दिसलं, की जुना परवाना रद्द धरायचा बेत आहे, आणि वर्षाला ७,५०,००० डॉलरच्या वर विक्री करणाऱ्याकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा मागितला आहे. लोक खवळले. सदस्यत्वं रद्द केली, सह्या गोळा केल्या, प्रकाशक एकत्र आले. इथे कोणी डाव खेळून बघण्याची गरज नव्हती. कागद वाचणं पुरेसं होतं, आणि लोकांनी तो वाचला. कंपनीने सुधारित मसुदा पुढे ठेवून मत मागवलं, १५,००० हून जास्त उत्तरं आली, आणि जुना परवाना रद्द करण्यावर ८९ टक्के नाराज निघाले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच राहिला, आणि शिवाय पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा सुमारे ४०० पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या, कोणालाही वापर करू देणाऱ्या परवान्याखाली कायमचा खुला झाला.

याचा आमच्या पाइपच्या दुकानावरच्या खोलीशी काय संबंध? सरळ संबंध आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या त्या परवान्याखाली नाव नमूद करून कोणालाही भाषांतर करता येतं. मागच्या दिवाळीपासून आम्ही ते नियम मराठीत आणतोय. 'सेव्हिंग थ्रो'ला 'निभाव' म्हणतो, कारण संकट आलं आणि निभावलं की नाही एवढाच तो प्रश्न. 'इनिशिएटिव्ह'ला नुसतं 'पाळी'. चौसष्ट पानं झालीत. अमेरिकेतल्या हजारो अनोळखी माणसांनी वेळेवर हरकत घेतली नसती, तर हे काम आम्ही चोरून केलं असतं किंवा केलंच नसतं. म्हणून चाहत्यांचा आवाज म्हणजे नुसती कटकट, असं कोणी म्हटलं की मी ते मान्य करत नाही.

आणि तोच आवाज स्वतःच्या मुळावर कसा येतो, हेही पुढच्याच वर्षी दिसलं. मॅजिकमध्ये 'कमांडर' नावाची खेळण्याची एक पद्धत आहे. ती कंपनीने काढलेली नाही, खेळाडूंनी काढली आणि वाढवली. तिचे नियम ठरवायला एक समिती होती, कंपनीपासून वेगळी, हौसेने काम करणाऱ्यांची. आपल्याकडे गणेश मंडळाची कार्यकारिणी असते तशी. २३ सप्टेंबर २०२४ ला या समितीने काही पत्त्यांवर बंदी घातली. त्यात 'माना क्रिप्ट' आणि 'ज्वेल्ड लोटस' असे अतिशय महागडे पत्ते होते. ज्यांनी मोठी रक्कम मोजून ते घेतले होते त्यांचं खरंच नुकसान झालं, दुकानदारांचंही. ती तक्रार खोटी नव्हती. पूर्वसूचना का दिली नाही, हा प्रश्न रास्त होता. पण पुष्कळांनी प्रश्न विचारला नाही, माणसांना गाठलं. समितीच्या सदस्यांना धमक्या गेल्या. आठवडाभरात, ३० सप्टेंबरला, समितीने या पद्धतीचा कारभार कंपनीच्या हाती सोपवला.

काय मिळवलं? पत्ते बंदीतच राहिले. चाहत्यांनी चाहत्यांसाठी चालवलेली, कंपनीला नाही म्हणू शकणारी एक जागा मात्र गेली. हौसेने खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या घरापर्यंत राग नेला, की तो खुर्ची सोडतो. मग ती खुर्ची पगारी माणसाकडे जाते, आणि पगारी माणूस मालकाचं ऐकतो. मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं, कारण आपल्याकडच्या मंडळांत, वाचनालयांत, क्रीडा संघटनांतही हे असंच घडतं, फक्त कोणी तारीख लिहून ठेवत नाही.

तारीख लिहून न ठेवण्यावरून आजोबा आठवतात. ते पारोळ्याला देशी बुद्धिबळ खेळत. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, आणि किल्ला बांधण्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. माझा चुलता शाळेतून आंतरराष्ट्रीय नियम शिकून आला तेव्हा आजोबांनी ते नाकारले नाहीत. वर्षभर दोन्ही खेळले, एक दिवस हा, एक दिवस तो. मग ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं होतं, की प्यादं दोन घरं गेलं की सुरुवातीच्या सात-आठ चाली वाचतात, डाव लवकर पेटतो, पण राजाची ती एक उडी गेली याची चुटपुट लागते, कारण शहाण्या माणसाला तीच उडी कधी मारायची हे कळायचं. इतकं नेमकं मत. ते चुलत्याने ऐकलं, चुलत्याने मला सांगितलं, आणि तिथेच थांबलं. देशी नियम खान्देशातल्या ओट्यांवरून गेले, तेव्हा खेळणाऱ्यांना काय वाटलं याचा एक कागद नाही.

म्हणून आमच्या मंडळींवर माझा राग आहे, प्रेमाचा. ऑगस्ट २०२२ मध्ये दोन रविवार आम्ही जे पाहिलं ते सहा जणांनी पाठवलंच नाही. 'आपलं कोण ऐकणार, जळगावात बसून?' असं म्हणाले. आणि तेच सहा जण व्हिडिओखाली चार-चार ओळींचा संताप लिहीत होते, दुसऱ्याच्या टेबलावरून उसना घेतलेला. उसन्या मताची तिकडे काय टंचाई आहे? टंचाई आहे ती आपल्याकडच्या टेबलाची. सात खेळाडू, एकच पुस्तक, तीन तासांची मुदत, दोन भाषांमधून चालणारा डाव: ही परिस्थिती नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असण्याचं कारण नाही, जोवर आपण सांगत नाही. २०२४ च्या पुस्तकात हत्यारांना खास गुण आलेत. सगळीकडे त्यांचं कौतुक झालं, मलाही ते आवडतात. पण त्यातल्या एका गुणाने शत्रूला पाडायचं तर दर नेमक्या वाराला शत्रूचा आणखी एक निभाव फेकावा लागतो. चार जणांच्या टेबलावर ते जाणवत नसेल. सात जणांच्या टेबलावर पाचोऱ्याच्या मुलाची गाडी चुकते. हे वाक्य दुसरं कोण लिहिणार?

आता आम्ही एक दोनशे पानी वही केली आहे. नियमांची चाचणी अजून चालूच असते, नवे मसुदे येत असतात. वहीत डाव्या पानावर मसुद्यातला नियम, मराठीत, चार ओळींत. उजव्या पानावर तारीख, किती जण, कोणती पातळी, काय घडलं. चांगला-वाईट हा शब्द उजव्या पानावर लिहायचा नाही असं ठरलंय. महिन्याच्या शेवटी फार्मसीवाली मुलगी आणि मी त्याचं इंग्रजी करतो आणि अर्ज उघडा असेल तर सातही जणांच्या वतीने भरतो.

येत्या रविवारी हत्यारांची पाळी आहे. पहिला तास गुण वापरून, दुसरा तास न वापरता, तेच राक्षस, तीच खोली. पाचोऱ्याचा मुलगा स्टॉपवॉच घेऊन बसणार आहे, प्रत्येकाची पाळी सेकंदात लिहायला. तिसऱ्या तासाला काय करायचं ते वही बघून ठरवू.